‘पुस्तक पूर्ण झालं’ ही बातमी माझी

सर,

तुमचं पुस्तक पूर्ण झालेलं नाही.

गेला सव्वा महिना हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडत नाहीये, म्हणून आधी तुम्हालाच सांगून टाकते. तुम्हाला ते माहीत आहेच म्हणा. शेवटचं प्रकरण कोरं आहे. ते कोरं का राहिलं, हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं आणि आता मी एकटीच उरले आहे. बाकी अख्खी रत्नागिरी सांगेल की सरांनी पुस्तक हातावेगळं केलं आणि मगच डोळे मिटले. परवा रिक्षात बसले तर रिक्षावाले आरशातून बघत म्हणाले, "ओ मॅडम, तुमच्या सरांचा पुस्तक कधी येतोय? शेवटचा शब्द लिहून गेले म्हणे. देवमाणूस!" मी म्हटलं, "येईल." दुसरं काय म्हणणार होते?

ही बातमी माझी आहे, सर. मीच दिली.

त्या सकाळी तुम्ही देवासाठी जास्वंदीची फुलं काढायला अंगणात गेलात आणि परत आत आलातच नाही. मला फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर इंग्रजी शिकवत होते. तशीच निघाले. तुमच्या घरी पोचले तर काकू पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि फुलांची परडी त्यांच्या मांडीवर तशीच होती. कुणी ती उचलून ठेवावी हेही कुणाला सुचलं नव्हतं. मी शेजारी बसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. इथल्या दैनिकाचा वार्ताहर. तोही तुमचाच विद्यार्थी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आवाज भरून आला होता बिचाऱ्याचा, पण बातमी तर द्यायची होती. जन्मगाव, नोकरीची वर्षं, सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, ते आयर्लंडचं पुस्तक झालं होतं ना पूर्ण?"

काकूंना ते ऐकू गेलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काय बोलू हा प्रश्न मला पडला होता, त्यांना नव्हता. त्यांना उत्तर ठाऊक असल्यासारखा त्यांचा चेहरा होता. त्या चेहऱ्याकडे बघत मी म्हणाले, "हो. झालं."

दोन शब्द. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरांत आलं, ‘अखेरचा शब्द लिहून सरांनी लेखणी ठेवली’. संध्याकाळपर्यंत माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला पाय फुटले होते. सरांनी पहाटे पाचला शेवटचं वाक्य लिहिलं. मग काकूंना म्हणाले, आता मी मोकळा. मग फुलं काढायला गेले. शोकसभेत आपले माजी प्राचार्य माइकसमोर उभे राहून म्हणाले, "हे मला वहिनींनी स्वतः सांगितलं." काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितल्यावर त्यांनाही ते आठवायला लागलं असावं.

मी चौथ्या रांगेत होते. माझ्या डोक्यात तुमचाच आवाज चालू होता. "बघ, संध्या. एक पत्र, आणि त्यावरून सहा पत्रकं."

पेपरात हे वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना तुमचं पुस्तक नक्की कशाबद्दल होतं हे माहीत नसेल. शोकसभेत एकाने ‘आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा’ म्हटलं, दुसऱ्याने ‘इंग्रजी साम्राज्याची चिकित्सा’. तुम्हाला दोन्ही ऐकून ओकारी आली असती. तुमचा विषय एवढाच होता की सोळाशे एक्केचाळीस साली आयर्लंडात तिथे येऊन वसलेल्या इंग्रजांविरुद्ध बंड झालं, त्याच्या बातम्या लंडनला छापल्या गेल्या, तर त्या बातम्या कशा तयार झाल्या. आठ-आठ पानांच्या चोपड्या. अर्धं पान नावानेच भरलेलं आणि त्या नावात कुठेतरी ‘खरी’ नाहीतर ‘ताजी’ हा शब्द असायचाच. छापणाऱ्याने आयर्लंड डोळ्यांनी पाहिलेलं नाही. डब्लिनहून कुणा भल्या गृहस्थाचं पत्र आलं, एवढाच आधार. गृहस्थाचं नाव नाही. चित्रं तर काही वेळा आधीच्या, जर्मनीतल्या लढाईची उचललेली. माणसं खरोखर मेली होती, थंडीवाऱ्यात उघडी हाकलली गेली होती, ते तुम्ही कधी नाकारलं नाहीत. पण छापता छापता मेलेल्यांचा आकडा तिथे राहणाऱ्या इंग्रजांपेक्षा मोठा झाला. आणि काही वर्षांनी सूड घ्यायला इंग्रजी सैन्य आलं, तेव्हा त्याच चोपड्या पुरावा म्हणून हातात होत्या.

"रत्नागिरीत बसून हे कशाला, सर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"इथलं घेतलं की पहिल्या पानावरच सगळ्यांना राग येतो," तुम्ही म्हणालात. "तुला येईल, मला येईल. तिथल्या भांडणात आपलं कुणी नाही. म्हणून नीट दिसतं."

सात वर्षं मी त्या टेबलाशी बसले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारी तीन ते सहा. तुम्ही छापून आणलेल्या कागदांतलं जुनं इंग्रजी मोठ्याने वाचायचं, मी मराठी करायचं, आणि प्रत्येक वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने एक अक्षर. सांगणाऱ्याने स्वतः बघितलं असेल तर ‘पा’. दुसऱ्याकडून कळलं असेल तर ‘ऐ’. दोन्ही नसेल तर ‘र’, म्हणजे रचलं. त्या अक्षरांवरून आपण किती भांडलो! तुमच्यापुढे ‘पा’ मिळवणं म्हणजे एसटीच्या गणपतीच्या गाडीचं आरक्षण मिळवणं. एकदा मी चुकून एका दर्यावर्द्याच्या सांगण्याला ‘पा’ दिला तर तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "हा म्हणतो किनाऱ्यावरची घरं जळताना दिसली. गलबत किती आत होतं? मिऱ्याच्या डोंगरावर चढ, समोरच्या होडीतल्या माणसाचा शर्ट कुठल्या रंगाचा ते मला सांग." आणि मला खरोखर रविवारी तिथे पाठवलंत. रंग दिसला नाही. परत येऊन ‘पा’ खोडला. एवढं छळलंत, पण वर्गात उभी राहून एखादी गोष्ट छातीठोक सांगण्याआधी मी आता थांबते, ते तुमच्यामुळे. माझ्या आईबापांनी मला शिकवलं, पण विचार कसा करायचा ते तुम्ही शिकवलंत. हे तुम्हाला समोर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, कामाचं बोल.

आता त्या भांडणाकडे येते. त्याच्याभोवती मी बराच वेळ घुटमळते आहे.

शेवटच्या प्रकरणासाठी आपण बायकांच्या जबान्या वाचायला घेतल्या होत्या. पळून डब्लिनला आलेल्या विधवा. त्यांनी सांगितलेलं कुणीतरी लिहून घेतलं, त्यातलं काही लंडनला छापलं गेलं. त्यातल्या एकीने सांगितलं होतं की तिचा नवरा मरताना घाबरला नाही, प्रार्थना करत शांतपणे गेला. ती तेव्हा तिथे नव्हती. आधीच्याच पानावर तिने म्हटलं होतं की ती मुलांना घेऊन दोन दिवस आधी निघाली होती.

तुम्ही पेन्सिल उचललीत आणि ‘र’ लिहिलंत.

"सर, इथे ‘र’ नको," मी म्हणाले.

"का? ती तिथे होती?"

"नव्हती. पण ती छापणाऱ्यासारखं खोटं बोलत नाहीये. तिला तो तसा गेलेला हवा आहे. ती त्याला एक बरं मरण देते आहे. ह्याला वेगळं अक्षर पाहिजे."

"चौथं अक्षर नाही."

"असायला हवं."

"तिने दिलेलं बरं मरण लंडनमध्ये छापलं गेलं. ते वाचून लोकांचं रक्त उसळलं. सैन्याने पुढे ज्यांची घरं जाळली त्यांनी काय करावं? ती दुःखात होती म्हणून समजून घ्यावं?"

"तुम्हाला बाईच्या बाजूने वाचताच येत नाही, सर."

"तू वकिली करायला आली आहेस की इतिहास वाचायला?"

मी वही मिटली. "उद्यापासून नाही येणार," म्हणाले. तुम्ही मान वर केली नाहीत. ‘बरं’ एवढंच म्हणालात. ते तुमचं मला उद्देशून शेवटचं बोलणं.

मग तीन आठवडे. मी गेले नाही, तुम्ही बोलावलं नाहीत. आपण दोघंही एका मुशीतले, मागे फिरायचं म्हणजे जिवावर यायचं. मी दोनदा मेसेज लिहून पुसला. ‘सर, उद्या येऊ का’ एवढाच होता. तेवढाही गेला नाही. अक्षराचं नंतर बघू, आधी चहा तर घेऊ, असं म्हणायला मला काय झालं होतं? अजून मला स्वतःचा राग येतो. तुमचाही येतो. तुम्ही वडीलधारे होतात, तुम्ही फोन करायचा होता.

आणि मग फुलांची परडी, तो फोन, आणि माझं ‘हो, झालं’. मी नेमकं तेच केलं होतं जे त्या बाईने केलं. काकूंच्या नवऱ्याला मी एक बरं मरण दिलं. आणि आता ते माझ्या हातात उरलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी मुंबईहून प्रकाशकांचा फोन आला. पेपरातली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "पूर्ण झालंय हे वाचून फार बरं वाटलं. हस्तलिखित कधी पाठवताय?" मग माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने प्रकाशनाचा समारंभ ठरवला, नाट्यगृह कुठलं घ्यायचं यावर चर्चा सुरू झाली. काकूंचे भाऊ गुहागरहून आले, त्यांनी बातमीचं कात्रण लॅमिनेट करून आणलं होतं. ते तुमच्या फोटोखाली लावलं आहे. काकू रोज त्या फोटोला हार घालतात, तेव्हा रोज माझं खोटं त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. मी तुमच्या आळीतून जायचंच सोडलं. बाजारात जायला मागच्या घाटीने उतरते, चढताना दम लागतो, पण काकू अंगणात दिसतील या भीतीने तिथूनच जाते. ज्या गावात मी जन्मले, वाढले, त्या गावात मला जायला रस्ते उरले नाहीत. मासळीबाजारात कुणी ‘मॅडम’ म्हणून हाक मारली तरी मी न वळता पुढे जाते.

कुणाला सांगायचं? प्रकाशकांना सांगितलं तर मंडळाला कळणार, मंडळाला कळलं की काकूंना. काकूंना सांगायचं म्हणजे त्यांच्या हातातून तेवढंही काढून घ्यायचं. आणि न सांगता बसायचं तर शेवटचं प्रकरण आणायचं कुठून?

सर, मी ते लिहिलं. तुम्हाला सांगायची लाज वाटते, पण लिहिलं. तीन रविवार दार लावून बसले. तुमच्या नावाने, तुमच्या भाषेत. अकरा पानं झाली. मला वाटलं होतं जमणार नाही, आणि तोच सुटकेचा मार्ग असेल. पण फार सहज जमलं. सात वर्षं तुमचं वाक्य कानात आहे. तुम्ही ‘तथापि’ कुठे टाकता, कुठे दोन लांब वाक्यांनंतर एक तोकडं टाकून माणसाला गप्प करता, सगळं हाताला ठाऊक. त्या विधवेला तुम्ही ‘र’ दिला असता, म्हणून मीही दिला. माझ्याविरुद्ध तुमची बाजू मीच मांडली आणि चांगली मांडली. वाचून पाहिलं तेव्हा कुणाला कळलं नसतं. मलाही कळलं नसतं. त्या क्षणी मी जेवढी घाबरले तेवढी कधी घाबरले नव्हते. अकरा पानांत एकही शब्द तुमचा नव्हता आणि खाली तुमचं नाव होतं. ती पानं मी फाडली, मग पुन्हा चिकटवावीत का असाही विचार केला. इतकी अडकले होते.

त्यातच गेल्या सोमवारी त्याच दैनिकाच्या संपादकांचा निरोप आला की सरांवर रविवारच्या पुरवणीत स्मृतिलेख लिहा. "सरांना तुमच्याइतकं जवळचं कोण आहे?" म्हणाले. मी हो म्हटलं. बसले, आणि पहिलंच वाक्य आलं ते तुम्ही वर वाचलंत. ते एकदा कागदावर उतरल्यावर मागे फिरणं जमेना. ज्या पेपरात खोटं छापलं त्याच पेपरात खरं छापावं, एवढं तरी मी तुमच्याकडून शिकले आहे. पण काकूंनी ते रविवारी चहा घेता घेता पेपरात वाचावं, हे मला करवेना. म्हणून इथपर्यंतचे कागद घेऊन काल दुपारी तुमच्या घरी गेले.

काकू कोकमं वाळत घातलेली उलटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय गो, वाट चुकलीस? महिना झाला तोंड दाखवलं नाहीस. मला वाटलं, सर गेले तशी ही पण गेली." मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "काकू, मी लिहिलंय ते ऐका. मध्ये थांबवू नका, नाहीतर मला वाचता येणार नाही."

त्यांनी थांबवलं नाही. कोकमं उलटायची मात्र थांबवली. पहिलं वाक्य वाचलं तेव्हा मी वर पाहिलं नाही. फुलांच्या परडीचं वाचलं. भांडणाचं वाचलं. तीन आठवड्यांचं वाचलं. तिथे त्या पहिल्यांदा बोलल्या.

"थांब. कुठले तीन आठवडे?"

"शेवटचे, काकू. मी येत नव्हते. आमचं बोलणं बंद होतं."

"असं कसं? रोज जात होते की ते. पावणेतीनला पिशवी घेऊन निघायचे, सहाला घरात. थर्मास मीच भरून द्यायचे."

"वाचनालयात?"

"मग दुसरीकडे कुठे? आल्यावर सांगायचे ना मला. आज संध्याने दोन पानं केली. आज संध्याला ताप होता, तरी आली. प्रकरण संपत आलंय, चार दिवसांचं काम. म्हणून तर त्या दिवशी त्या पेपरवाल्याने विचारलं तेव्हा मला वाटलं, झालं असेल."

मी खरं तर तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, मी त्या खोलीत एकदाही गेले नाही. आणि वाचनालयातले लोक शोकसभेत मला विचारत होते की सर शेवटी शेवटी यायचे का बंद झाले."

काकूंनी हातातलं कोकम खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मग ते जायचे कुठे गो?"

सर, कुठे जायचात? भाट्याच्या पुलावर? जेटीवर? थर्मासमधला चहा तीन तास कुणाबरोबर घेत होतात? सात वर्षं मला एकेका वाक्याचा साक्षीदार विचारणारे तुम्ही, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन बायकोला न घडलेलं सांगत होतात. मला तापसुद्धा दिलात. काकूंना काळजी नको म्हणून? की मी सोडून गेले हे सांगायला जड जात होतं म्हणून? काकूंसमोर बसून मला तुमचा राग आला, आणि त्याच वेळी तुमच्यावर जेवढी माया आली तेवढी सात वर्षांत आली नव्हती. मी खरं सांगायला गेले आणि माझ्याबरोबर तुम्हालाही पकडून दिलं. हे मला करायचं नव्हतं.

मी म्हटलं, "काकू, मी हे छापायला देत नाही."

"दे," काकू म्हणाल्या. "त्यांचंही घाल त्यात. तुझं एकटीचं का म्हणून?" पदराने डोळे पुसून त्या उठल्या, फोटोखालचं कात्रण काढलं आणि कपाटात ठेवलं. फाडलं नाही. प्रकाशकांना मी काल संध्याकाळी कळवलं की शेवटचं प्रकरण नाही आणि मी ते लिहिणार नाही. ते अजून काही म्हणालेले नाहीत.

निघताना काकूंनी मला दारात थांबवलं. "एक सांगू का? खरं की खोटं ते आता मला माहीत नाही. जायच्या आदल्या दिवशी घरी आले, चप्पल काढता काढता म्हणाले, आज संध्याचं म्हणणं पटलं मला. मी म्हटलं, कशाबद्दलचं? तर म्हणाले, तिला ठाऊक आहे."

काल दुपारपासून मी ते वाक्य घेऊन बसले आहे, सर. ते खरंच होतं, की ताप आणि दोन पानांसारखंच, काकूंना बरं वाटावं म्हणून? सांगणाऱ्याने आधी तीन आठवडे खोटं सांगितलेलं आहे. ऐकणारीला ते खरं असावंसं वाटतं आहे. अशा वाक्याशेजारी कुठलं अक्षर लिहायचं, ते तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही असतात तर मी तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही होतात, तेव्हा मी बोलत नव्हते.